गुडघाभर पाणी

१

इसोगाई तोमोहारूला त्या हंगामात एकही ट्राउट मासा लागला नव्हता. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तोंडावर बोलून दाखवायची हिंमत फक्त त्याच्या बायकोत होती.

ओनुकी सरोवरावर मासेमारी उघडते ती ऐन गारठ्यात. काठावर बर्फ असतो, मागच्या डोंगरावर तर तो पार उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत टिकतो. पण पाणी थंड असतं तोवरच ट्राउट बारके मासे खायला काठाजवळ येतात. ऊन तापलं की ते खोल जाऊन बसतात, मग काठावरच्या माणसाने नुसती हवा खावी. म्हणून शहाणीसुरती माणसं छातीपर्यंत येणाऱ्या रबरी विजारी चढवतात आणि बर्फाच्या पाण्यात कमरेइतकं उतरून उभी राहतात. गळाच्या काठीवर दोरा ओवलेल्या कड्यांत पाणी गोठतं. ते कडं तोंडात धरून वितळवायचं, दोरा सोडवायचा, चमचा फेकायचा, गुंडाळून घ्यायचा, पुन्हा फेकायचा. चमचा म्हणजे चमच्याच्या आकाराचा पितळी पत्रा, मागे गळ अडकवलेला. माशाला तो मासा वाटावा अशी अपेक्षा असते. तोमोहारूचा चमचा माशांना चमचाच वाटत असावा.

उभा जन्म त्याने घाटातली बस चालवली होती आणि सुटीचा दिवस न दिवस या पाण्यात घालवला होता. निवृत्त झाल्यावर तर तो रोजच येऊ लागला. तेव्हा नोबुए, म्हणजे त्याची बायको, म्हणाली, "मी काय घरात बसून भिंतींशी बोलू?" आणि तिनेही एक रबरी विजार घेतली. पहिल्याच दिवशी तिला मासा लागला. दुसऱ्या दिवशी दोन. तोमोहारूनेच तिला गाठ मारायला शिकवलं होतं, त्यामुळे त्याला धड रागावताही येईना.

त्याआधी त्याने तिला काठावरची रीत शिकवली होती. पाण्यात आधीच कुणी उभं असेल तर विचारल्याशिवाय पाय घालायचा नाही. 'बाजूला उभं राहिलं तर चालेल का' असं विचारायचं आणि समोरच्याने 'या' म्हणायचं. नाही म्हणायची पद्धत नाही. इतक्या वर्षांत त्या सरोवरावर कुणी कुणाला नाही म्हटल्याचं त्याने ऐकलं नव्हतं.

त्या रविवारी गाडीत बसताना तो म्हणाला, "आज नाही लागला तर काठी माळ्यावर टाकतो. संपलं."

"मागच्या रविवारीही हेच म्हणालात," नोबुए म्हणाली.

"आज खरंच."

"बघा हं. मी माळा आवरूनच ठेवलाय."

त्याने गाडी सुरू केली. पण या वेळी त्याचं खरंच ठरलं होतं, आणि ते तिलाही कळलं होतं. म्हणून पुढच्या वळणावर तिने थर्मासमधला चहा त्याला आधी दिला.

२

सरोवरावर कुरिबायाशीची टपरी आहे. होड्या भाड्याने देणं, परवाने फाडणं आणि फुकटचा सल्ला देणं असे त्याचे तीन धंदे. त्यातला तिसरा जोरात चालतो.

"इसोगाईसान, आज धुकं उतरणार," तो म्हणाला. "उतरलं की बाहेर या. दरवेळी सांगतो, दरवेळी तुम्ही हो म्हणता."

"हो," तोमोहारू म्हणाला.

धुकं उतरलं तेव्हा सकाळ चांगली वर आली होती. समोरचा डोंगर गेला, मग देवळाची लाल कमान गेली, मग शेजारची माणसं एकेक करून काठाकडे निघाली. खडीवरून जाणाऱ्या त्यांच्या बुटांचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. नोबुएने तोवर एक बऱ्यापैकी ट्राउट काढला होता. "मी सूप गरम करते, तुम्ही या मागोमाग," असं म्हणून तीही निघाली.

"एवढा एक फेकतो आणि आलोच," तोमोहारू म्हणाला.

त्याने एक फेकला. मग आणखी एक. धुक्यात मासा काठाला येतो असं त्याने आयुष्यभर इतरांना सांगितलं होतं, आता स्वतःला सांगितलं. तेवढ्यात कडं पुन्हा गोठलं. काठीचं टोक तोंडात धरून तो उभा होता, आणि तेव्हाच कुणीतरी अगदी जवळून विचारलं, "माफ करा हं. बाजूला उभा राहिलो तर चालेल का?"

आवाज मध्यमवयीन, अदबशीर. तोमोहारूने वर न बघताच मान हलवली आणि तोंडातलं कडं काढून म्हणाला, "या, या."

"आभारी आहे."

बर्फाची चव तोंडात घोळवत त्याने चमचा फेकला. तो निम्मा गुंडाळून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की हा माणूस पाण्यात उतरल्याचा आवाजच आला नाही. त्या काठावर खडी आहे, मांजर चाललं तरी करकर वाजते. आणि पाण्यात शिरताना माणूस एकदा तरी हुश्श करतोच.

असेल बाबा कुणी हलक्या पायाचा, असं त्याने मनाशी म्हटलं.

३

मग सुरू झाला पाण्याचा आवाज.

डावीकडे कुठेतरी दोरा ताणल्याची बारीक किणकिण, त्यामागून शेपटीचा फटकारा, थोडी खळबळ, आणि शांतता. शेजाऱ्याला मासा लागला होता. तोमोहारूने दात आवळले. थोड्या वेळाने पुन्हा तेच. आल्या आल्या दोन. तोमोहारूच्या पायांतली संवेदना गेली होती, बोटं काठीला चिकटली होती, आणि हा पाहुणा आपला लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखा हादडत होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

त्यातही त्याला खटकलं ते वेगळंच. शेजाऱ्याचा चमचा पाण्यात पडल्याचा 'डुब्' आवाज दरवेळी तोमोहारूच्या पाठीमागून येत होता, काठाकडच्या उथळातून. अरे, मासा समोर आणि फेकतोस मागे? शहरातून येणाऱ्यांना तेवढंही कळत नाही. पण मग त्याला मासा लागत होता तो कसा, हे तोमोहारूला उमजेना, आणि उमजेना म्हणून तो जास्तच चिडला.

धुकं जरा विरळ झालं आणि तो दिसला.

कानांवर ओढलेली टोपी, फिकट अंगरखा, बगलेत काठी. साधा माणूस. पाण्यात गुडघाभर उभा होता.

तोमोहारू स्वतः कमरेइतक्या पाण्यात होता आणि हा माणूस त्याच्यापुढे, सरोवराच्या बाजूला होता. तिथे तळ नाही. तोमोहारूच्या बुटांपुढे दोन पावलांवर खडीचा कडा तुटतो आणि खाली एकदम खोल आहे. मागच्या वर्षी त्याचं हातजाळं तिथेच निसटलं होतं आणि हेलकावे खात दिसेनासं होईपर्यंत तो बघत राहिला होता.

शिडी असणार. पुष्कळ लोक ॲल्युमिनियमची घडीची शिडी पाण्यात उभी करून तिच्यावर चढतात, लांब फेकता येतं. पण एवढ्या खोलात टेकणारी शिडी असते का? मग पाणी उतरलं असेल. मग आपलंच चुकत असेल, धुक्यात डावं-उजवं कळत नाही. बस चालवतानाही असं व्हायचं, ओळखीचं वळण अनोळखी दिसायचं, तेव्हा वेग कमी करून पुढे जात राहायचं.

शेजारी मासा खेळवत दोन पावलं बाजूला सरकला, मग आणखी दोन. पाणी गुडघ्यालाच राहिलं.

शिडी चालत नाही, एवढं तोमोहारूला कळत होतं.

४

"इथे छान लागतायत," शेजारी म्हणाला. "तुम्ही या ना माझ्या जागेवर. मी सरकतो."

स्वतःची लागती जागा कुणी सहसा देत नाही. दिलीच तर एकदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा मात्र घ्यायची. तिसऱ्यांदा नाकारणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर दार लावणं. हे तोमोहारूला कुणी शिकवलं नव्हतं, ते अंगातच मुरलेलं होतं.

"नको, नको," तो म्हणाला. "तुमचा हात बसलाय, चालू द्या."

त्याला खरं तर म्हणायचं होतं की बाबा रे, तू उभा कशावर आहेस? पण नुकतीच ओळख झालेल्या माणसाला असं विचारतात का? आणि मनाच्या एका कोपऱ्यात, त्याची त्यालाच लाज वाटत होती, पण तो जागेचा हिशेब करत होता. तिथून फेकलं तर चमचा कड्याला घासून येईल. तिथे मोठे असतात.

मागे खडी वाजली. नोबुए परत येत होती, एका हातात सूपाचा पेला. पाण्यात शिरताना ती हुश्श म्हणाली आणि तोमोहारूला त्या आवाजाने केवढं तरी बरं वाटलं.

"सूपाचं पिठलं झालं वाट बघून," ती म्हणाली. मग शेजारी दिसला तशी कमरेत वाकली. तोही वाकला.

"अहो, तो मनुष्य एवढा म्हणतोय," ती हळू आवाजात म्हणाली. "काठावर ऐकू आलं मला. जा की."

"तो कुठे उभा आहे बघ."

"पाण्यात उभाय."

"किती पाण्यात?"

नोबुएने पाहिलं. "गुडघाभर. मग? तिथे उथळ असेल."

"तिथे उथळ नाही, नोबुए. माझं जाळं तिथेच गेलं."

"तुमचं जाळं कुठेही जाऊ शकतं," ती म्हणाली.

तेवढ्यात शेजाऱ्याने दुसऱ्यांदा म्हटलं, "संकोच करू नका. या."

"नको, खरंच नको," तोमोहारू म्हणाला. आपला आवाज चिरका येतोय हे त्याला कळलं. नोबुएलाही कळलं, आणि तिने त्याचा भलताच अर्थ लावला.

"दुसऱ्याने दिलेला मासा नको, हेच ना? काठी माळ्यावर टाकाल पण मान वाकवणार नाही." तिने पेला त्याच्या हातात कोंबला. "तीस रविवार मी तुमचं हे तोंड बघतेय."

तीस नव्हते, पण भांडायची ती वेळ नव्हती. "बाहेर चल," तो म्हणाला. "आत्ता. काही विचारू नकोस."

"का?"

का, ते त्याला सांगता येईना. तो माणूस गुडघाभर पाण्यात आहे, म्हणून? हे कारण तोंडातून बाहेर काढलं असतं तर त्याला स्वतःलाच हसू आलं असतं.

५

"या ना," शेजारी तिसऱ्यांदा म्हणाला.

तोमोहारू गप्प राहिला. सूपाची वाफ त्याच्या चेहऱ्यावर येत होती. जन्मात पहिल्यांदाच तो कुणाच्या तोंडावर असा गप्प राहिला होता, आणि अशा प्रसंगीही त्याचे कान शरमेने तापले.

शेजाऱ्याने आपला दोरा गुंडाळून घेतला. मग तितक्याच अदबीने म्हणाला, "मग बाईंना चालेल का?"

"मला?" नोबुए म्हणाली. नवऱ्याने केलेला उद्धटपणा तिला सावरून घ्यायचा होता, शिवाय तिला मासा हवाच होता. "बघा बाई, इतकं म्हणताय तर. आभारी आहे हं."

ती निघाली. पेला ठेवायला जागा नव्हती म्हणून तोमोहारू तो धरून उभा राहिला, एवढा वेळ, आणि पुढे कितीतरी दिवस त्याला तेच आठवून स्वतःचे हात तोडावेसे वाटले. पाणी तिच्या कमरेला होतं. दोन पावलं गेली तसं ते मांड्यांवर उतरलं. आणखी एक, आणि ती गुडघाभर पाण्यात उभी होती, कड्याच्या पलीकडे.

"बघा, उथळच आहे," ती मागे न बघता म्हणाली.

तोमोहारूने पेला टाकला आणि काठीचं टोक खाली करून ती तिच्या मागे पाण्यात खुपसली. काठी सगळी आत गेली, मूठ गेली, त्याचं कोपर गेलं. खाली काही लागलं नाही.

त्याने पुढे झोकून देऊन तिच्या विजारीचा पट्टा पकडला.

हात लागला त्या क्षणी ती खाली गेली. तिची टोपी पाण्यावर राहिली आणि ती टोपीखाली नव्हती. त्याच्या हातात फक्त ओढ होती. टाचा खडीत रोवून तो मागे कोसळला, घाटात गाडी सुटल्यावर ब्रेकवर उभं राहतात तसा सगळ्या अंगाने, आणि ती वर आली. खोकत, त्याच्या तोंडावर फटके मारत.

"ढकललंत मला," ती म्हणाली. "चांगली उभी होते. ढकललंत."

तो तिला उथळात ओढत होता. धुकं हललं. तोमोहारूने एकदाच मागे पाहिलं, आणि तेही पुरतं नाही.

शेजारी एकटा नव्हता. त्याच्यामागे, रीतीप्रमाणे सारखं अंतर सोडून, माणसं उभी होती. काही टोप्या घातलेली, काहींच्या डोक्यावर पेंढ्याची जुनी इरली. सगळी गुडघाभर पाण्यात. सगळ्यांच्या काठ्या काठाकडे रोखलेल्या, दोरे तोमोहारूच्या डोक्यावरून मागे खडीपर्यंत गेलेले. शेजाऱ्याच्या पलीकडे मात्र एका माणसापुरती जागा मोकळी होती.

शेजारी कमरेत वाकला. "त्रास झाला तुम्हाला. राहू द्या आज. पुन्हा कधीतरी या."

आणि नोबुए, नखशिखान्त भिजलेली, ओठ निळे पडलेले, दातांवर दात वाजत असताना, नवऱ्याच्या हातातून अर्धवट सुटून वाकली.

"येते," ती म्हणाली. "नक्की येते."

६

कुरिबायाशीने टपरीतली शेगडी पेटवून दिली आणि नेहमीसारखा सल्ला दिला नाही, हे तोमोहारूच्या नंतर लक्षात आलं.

नोबुए आठवडाभर अंथरुणात होती. ताप उतरला तशी ती नवऱ्याशी बोलायला लागली, आणि बोलायला लागली ती भांडायलाच.

"तळ नव्हता तिथे," तोमोहारू म्हणाला.

"माझ्या पायाखाली होता."

"मी काठी घालून पाहिली."

"तुम्ही पाहिलीत. उभं कोण होतं? तुम्ही की मी?"

तिचं म्हणणं खोडायला त्याच्याकडे एकच पुरावा होता, की तो घाबरला होता. आणि तो घाबरला होता हे ती मान्यच करत होती. तिच्या मते तो माशाला घाबरला होता, तिला मोठा मासा लागेल म्हणून. त्या माणसांच्या रांगेबद्दल त्याने सांगितलं तेव्हा ती स्वयंपाकघरात तांदूळ धूत होती. तिने पाणी ओतलं आणि म्हणाली, "रविवार होता. माणसं असणारच."

त्याने दोघांच्या काठ्या माळ्यावर टाकल्या. ती काही बोलली नाही. त्याने तिची रबरी विजार शेजारणीला देऊन टाकली. त्यावरही ती काही बोलली नाही, आणि तेव्हा त्याला जरा निवांत वाटलं. पालथ्या घड्यावर पाणी ओतत होतो, ते एकदाचं थांबलं, असं त्याला वाटलं.

रविवारी सकाळी तो उठला तेव्हा नोबुए दारात पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. बाहेर जायचा चांगला कोट, गळ्यात रेशमी रुमाल. शेजारी जांभळ्या कापडात बांधलेला एक डबा होता. बाजारपेठेतल्या जुन्या दुकानातला, लाल चवळीच्या गोड वड्यांचा. एखाद्याकडे पहिल्यांदा जाताना नेतात तो.

"कुठे निघालीस?"

"सरोवरावर."

"काठी नाही, विजार नाही."

"मासे पकडायला कोण चाललंय?" तिने दुसरी नाडी ओढली. "येते म्हटलं होतं. माणसाला किती दिवस ताटकळत ठेवायचं? आणि रिकाम्या हाताने कसं जायचं?"

तोमोहारू दारात आडवा उभा राहिला. गाडीची किल्ली त्याच्या मुठीत होती. खाली रस्त्यावर घाटातली बस वळण घेत असल्याचा आवाज येत होता. तो आवाज त्याला झोपेतही ओळखता आला असता. बस त्यांच्या दाराशीच थांबते, कितीतरी वर्षं त्याने स्वतःच ती तिथे थांबवली होती.

"नको जाऊस," तो म्हणाला. आयुष्यात कुणापुढे वाकला नव्हता इतका तो खाली वाकला, कपाळ गुडघ्यांना लागेपर्यंत. "नोबुए, तुझ्या पाया पडतो. नको."

ती डबा घेऊन उठली आणि कपडे खराब होऊ नयेत म्हणून त्याच्या कडेने निघाली.

"मग मीही येतो," तो म्हणाला.

नोबुएने त्याच्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. उलट पाहुण्यांसमोर नवऱ्याची चूक झाकताना तिचा चेहरा व्हायचा तसा समजूतदार होता.

"तुम्ही कसे येणार?" ती म्हणाली. "तुम्हाला तीनदा बोलावलं की त्यांनी. तुम्ही नाही म्हणालात."